नुसतं ठेवलेलं झाकण

मी एक जुना लाकडी साचा आहे, मित्रांनो. साबणाचा साचा. लांबीला फूटभर, रुंदीला चार बोटं आणि वरून उघडा. दिसायला मी काही विशेष नाही. एकदा एक पाहुणा मला कुंडी समजून माझ्यात माती भरायला निघाला होता, ते मी अजून विसरलेलो नाही. पण माझ्या पोटात काय घडतं ते ऐकलंत, तर तोंडात बोट घालाल. तेल आणि पाणी यांचं जन्माचं वैर. ते वैर माझ्या पोटात एका दिवसात मिटतं, आणि मिटताना दोघांना अशी ऊब सुटते, की माझ्या फळ्यासुद्धा गरम होतात. इतक्या वर्षांत कितीतरी वेळा मी हे अनुभवलं आहे, तरी दर वेळी मला हुरूप येतो.

मला मिस्त्रींनी घडवलं. मिस्त्री म्हणजे काकूंचे यजमान, धंद्याने सुतार. काकूंना घरी साबण करायचा नाद लागला, तेव्हा पहिला साबण त्यांनी एका प्लास्टिकच्या डब्यात ओतला. तो डब्याला असा चिकटला, की शेवटी डबाच करवतीने कापावा लागला. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी एका शाळेची दारं करून उरलेली फळी काढली, कानावरची पेन्सिल घेतली आणि मापं टाकली. माझ्या बाजू सुट्या होतील असे चार नट त्यांनी बसवले, हाताने फिरवता येणारे. नट सोडले की मी चारी बाजूंनी उघडतो आणि साबण आख्खा बाहेर येतो. काकूंनी मला पहिल्यांदा उघडलं, तेव्हा आत पांढरीशुभ्र वीट होती. "जमलं की हो," एवढंच त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी मला तीनदा पुसलं.

काकूंची कृती साधी होती. हजार ग्रॅम तेल : सहाशे ऑलिव्हचं, तीनशे नारळाचं, शंभर एरंडेल. आणि एकशे चाळीस ग्रॅम कॉस्टिक सोडा. हा सोडा म्हणजे मोहरीएवढे पांढरे दाणे. दिसायला गरीब, पण कातडी भाजून काढणारे. म्हणून हातमोजे आणि मोठा चष्मा घातल्याशिवाय काकू त्याच्या बरणीला हात लावत नसत. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. मित्रांनो, हे काम मोठ्यांचंच आहे, तुम्ही लांबूनच बघा. मग ते पाणी निवलं की तेलात ओतायचं आणि घुसळायचं. चमच्यातून पडणारी धार वर रेघ सोडायला लागली की थांबायचं आणि माझ्यात ओतायचं. ही सगळी कृती काकूंच्या डोक्यात होती. कागदावर एक अक्षर नव्हतं, कारण त्यांना कधी गरजच पडली नाही.

साबणाच्या एका खेपेला आमच्या घरी घाणा म्हणतात. आणि घाणा बिघडला, की काकूंना चेव येत असे. एका थंडीत घुसळायला घेतल्या घेतल्या रेघ उमटली. शेजारची नर्स शिकायला आलेली होती, ती म्हणाली, "किती लवकर झाला." काकूंनी भांड्याच्या बुडाला हात लावला. "ही रेघ खोटी आहे. साबण झालेला नाही, नारळाचं तेल गोठलंय," असं म्हणून त्यांनी भांडं कोमट पाण्यात ठेवलं. रेघ पुसली गेली आणि दहा मिनिटं घुसळल्यावर खरी रेघ आली. दुसऱ्या एका वेळी ऐन उन्हाळ्यात मिस्त्रींनी प्रेमाने मला दोन घोंगड्यांत गुंडाळलं. माझ्या पोटात असा उकाडा झाला, की साबण फुगून मधोमध तडकला आणि काठावरून बाहेर डोकावायला लागला. काकूंनी घोंगड्या ओढून काढल्या, मला पंख्याखाली ठेवलं आणि म्हणाल्या, "त्याला ताप आलाय आणि तुम्ही पांघरूण घालताय."

एकदा फुलांचं अत्तर घातल्याबरोबर सगळा घाणा भांड्यातच दगड व्हायला लागला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच चमचा उभा राहिला. काकूंनी तो तसाच माझ्यात दाबून दाबून भरला. साबण ओबडधोबड झाला, पण त्या म्हणाल्या, हात धुताना साबणाचं रूप कोण बघतं? वड्यांवर पांढरी भुकटी धरली तर किटलीची वाफ, वडी मऊ राहिली तर अजून एक आठवडा फळीवर. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्याला औषध होतं. नर्सला दिवसातून पन्नास वेळा हात धुवावे लागत, आणि तिचे हात फक्त आमच्याच साबणाने फुटत नसत. ती वडी घ्यायला आली की मला वाटे, आपल्याएवढं कामाचं या घरात दुसरं कुणी नाही. गर्व होता तो, कबूल करतो.

पुढे मिस्त्री गेले. त्यानंतर दोन वर्षांत काकूंची बोटं सुजून वाकडी झाली. सांधे धरले. घुसळणं गेलं, वड्या कापणं गेलं, माझे नट फिरवणं गेलं. मी कपाटावर जाऊन बसलो. माझ्यात सुतळीची गुंडी, बिघडलेलं घड्याळ आणि सुकलेली पेनं येऊन पडली.

त्याच काळात घरात एक नवा नियम आला. काकूंचा मुलगा फ्रिज दुरुस्त करतो. एक दिवस तो दुपारी अचानक घरी आला, तर काकू चहाचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. डबा बंद, गॅस बंद.

"चहा नाही केलास?" त्याने विचारलं.

"नको वाटला," काकू म्हणाल्या.

त्याने डबा हातात घेतला. झाकण इतकं घट्ट होतं, की त्यालाही जोर लावावा लागला. आईने किती दिवस चहा घेतला नसेल, हे त्याने विचारलं नाही. संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं, "आजपासून या घरात एकही झाकण फिरवायचं नाही. नुसतं ठेवायचं." सुनेने हा नियम असा पाळला, की त्याला तोड नाही. लोणी, साखर, बिस्किटं, गोळ्यांची बाटली, सगळ्यांची झाकणं नुसती ठेवलेली. साखरेला मुंग्या लागल्या. तेलाची बाटली पिशवीत कलंडली. कुणी कुरकुर केली नाही. काकूंना हवं ते हवं तेव्हा उघडता येत होतं. हा नियम मला फार आवडे, मित्रांनो. पुढे त्यानेच घोळ घातला, तरी अजूनही आवडतो.

मग एक दिवस सून कपाटावर चढली. तिने माझ्यातली सुतळी काढली, घड्याळ काढलं आणि मला ओल्या फडक्याने पुसलं. "आई, साबण शिकवता मला?" ती म्हणाली. "नर्सताई विचारत होत्या. तुम्ही खुर्चीवर बसून सांगा, हात माझे." काकूंनी कृती सांगितली, धाडधाड, एका दमात. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! नवा सोडा आला, लाल पट्टी लावलेल्या बरणीत भरला गेला आणि पहिला घाणा झकास उतरला. वर थोडी पांढरी भुकटी धरली, पण किटली होतीच. सुनेने बारा वड्या ओळीने मांडल्या आणि दिवसभर येता-जाता बघितल्या.

दोन महिन्यांनी दुसरा घाणा घातला, आणि तिथून ग्रह फिरले. हवा ओलसर होती. घुसळता घुसळता सुनेचा हात भरून आला तरी रेघ उमटेना. कशीबशी उमटली तेव्हा तिने माझ्यात ओतलं. मी वाट बघत राहिलो. ऊब येईना. माझ्या पोटात दर वेळी जी गडबड उडते ती नाहीच, नुसता थंड चिखल. दुसऱ्या दिवशी वर तेलाची थारोळी. माझे नटही घरच्या रिवाजाप्रमाणे सैल ठेवलेले असत, आणि फटीतून तेलाचा एक ओघळ टेबलावर आला. तो बघून मला धडकी भरली. मला वाटलं, मीच फुटलो. चूक माझीच.

"थंडीने झालं असेल," काकू म्हणाल्या. तिसऱ्या घाण्याला तेल कोमट केलं, घोंगडी घातली. तोच प्रकार, उलट जास्त मऊ. आता सुनेने इंटरनेटवर शोधलं. तिथे तेलांची वजनं टाकली की सोडा किती लागेल ते सांगणारं एक गणित होतं.

"आई, इथे एकशे अठ्ठेचाळीस येतंय. तुम्ही एकशे चाळीस सांगताय," ती हळूच म्हणाली.

काकूंनी मनातल्या मनात आकडे पुन्हा जुळवून बघितले. त्यांना सांगता आलं असतं, की थोडं तेल कातडीसाठी मोकळं राहावं म्हणून त्या मुद्दामच सोडा कमी घालत. इतकी वर्षं त्या हेच नर्सला सांगत आल्या होत्या. पण त्या क्षणी त्यांना ते आठवेना. "एकशे चाळीसच होतं ना?" त्यांनी उलट सुनेलाच विचारलं. "का मी भलतंच सांगतेय?"

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. त्याच आठवड्यात काकूंचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. त्याआधी त्यांनी मुलाला एकच निरोप दोनदा दिला होता. घरात कुणी काही बोललं नव्हतं, पण मुलाने सोमवारची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. म्हणजे आता प्रश्न साबणाचा राहिला नव्हता. काकूंचं डोकं त्यांना साथ देतंय की नाही, हे माझ्या पोटातल्या चिखलावरून ठरत होतं. मला बोलता येत असतं, तर मी ओरडून सांगितलं असतं, की या बाईने मला कित्येक वर्षं एकशे चाळीसवर पोसलं आहे. पण लाकडाला वाचा नसते.

चौथ्या घाण्याला एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅम सोडा पडला. सुनेने दाणे चमच्याने फोडून फोडून मोजले, कारण ते एकमेकांना चिकटले होते. मीठ नाही का चिकटत, असं म्हणून तिने तिकडे दुर्लक्ष केलं. घाणा शुक्रवारी माझ्यात ओतला. रविवार दुपार झाली तरी तो लोण्यासारखा मऊ, आणि वर तेलाचं तळं. मला टेबलाच्या टोकाला ठेवलेलं होतं. तिघं चहाला बसली.

"याला आता ठेवून द्या," काकू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "हा जुना झालाय आणि मीही. रबराचे साचे मिळतात म्हणे, ते आणा. आणि कृती नेटवरची घ्या. माझ्या सांगण्यावर जाऊ नका."

"आई, असं काय बोलतेस," मुलगा म्हणाला. त्याने बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

काकूंनी नुसतं ठेवलेलं झाकण दोन बोटांनी बाजूला केलं, एक बिस्कीट घेतलं आणि चावलं. आवाज आला नाही.

"सादळलंय," त्या म्हणाल्या.

"आपल्याकडे सगळंच सादळतं," मुलगा हसून म्हणाला. "हवा ही अशी, आणि एकाही डब्याचं झाकण लावलेलं नाही."

काकूंचा घास तोंडातच राहिला. मी त्यांना चांगला ओळखतो. घाणा बिघडला की त्यांच्या डोळ्यांत जी चमक येई, ती मी कित्येक वर्षांनी पुन्हा पाहिली. माझ्या फळ्यांना शहारे आले म्हणालात तरी चालेल.

"सगळी झाकणं नुसती ठेवतेस?" त्यांनी सुनेला विचारलं.

"सगळी," सून अभिमानाने म्हणाली. "एकही विसरत नाही."

"सोड्याच्या बरणीचंही?"

सुनेने माळ्याकडे बघितलं. "ती फारच घट्ट होती. मला वाटलं, तुम्ही कधी उघडायला गेलात तर..."

"अगं, त्या बरणीला मी चुकूनही हात लावू नये, म्हणून तर ती घट्ट हवी. आण इकडे. हातमोजे घाल, आधी झाकण नीट फिरव आणि मग वाजवून दाखव."

सुनेने माळ्याच्या फळीवरून लाल पट्टीची बरणी आणली, झाकण घट्ट केलं आणि हलवली. तिघंही कान देऊन ऐकत होती, आणि मीही. दाण्यांचा आवाज नाही. थोड्या वेळाने आतून एक गोळा धप्पकन आपटला.

"चांगला सोडा खुळखुळ्यासारखा वाजतो," काकू म्हणाल्या. त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या आणि भरभर बोलत होत्या. "हा सादळलाय. हवेतलं पाणी पीत बसलाय तो दोन महिने. तू मोजलास एकशे अठ्ठेचाळीस, पण त्यात पाणी किती? आठ ग्रॅम जास्त घालूनही तेल वर आलं, तिथेच मला कळायला हवं होतं. जास्त घालूनही कमी पडतंय, म्हणजे आकडा खोटा नाही, माल खोटा आहे. आणि एकशे चाळीस का, तेही सांगते. थोडं तेल मुद्दाम मोकळं सोडायचं असतं, हातांसाठी. नेटवरचं गणित पुरेपूर सोडा सांगतं, मी कमी घालते."

मुलगा कपाळाला हात लावून हसायला लागला. "मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, फ्रिज बंद पडला की आधी प्लग बघा. आणि घरी आम्ही सगळे मिळून तुझं डोकं उघडून बघायला निघालो होतो."

सून मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले. "झाकण मी उघडं ठेवलं आणि संशय तुमच्यावर घेतला," ती म्हणाली.

"माझा तर माझ्यावरच होता," काकू म्हणाल्या. "तू निदान मनात ठेवलास. चल, रडू नको, बिस्कीट खा. सादळलेलं आहे, पण गोड आहे."

दुसऱ्या दिवशी त्या ठरल्याप्रमाणे डॉक्टरांकडेही गेल्या. चष्मा फ्रिजमध्ये ठेवणारी मीच आहे, तेव्हा जाऊन येते, असं त्या म्हणाल्या. वयाचं थोडंफार आहे, दर सहा महिन्यांनी येत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या पोटातला मऊ गोळा मुलाने हातांचं ग्रीस काढायला कामावर नेला. सादळलेला सोडा बाजूला गेला आणि नवी बरणी आली. सुनेने ती कानाशी धरून वाजवली. खुळखुळ, खुळखुळ. असं संगीत मी जन्मात ऐकलं नव्हतं.

पाचव्या घाण्याच्या दिवशी काकू खुर्ची टेबलाला चिकटवून बसल्या. माझे चारही नट सुनेने घट्ट आवळले. एकशे चाळीस ग्रॅम, एकही जास्त नाही. घुसळायला घेतलं आणि काही मिनिटांतच भांड्यात रेघ उमटली. काकूंनी भांड्याच्या बुडाला वाकडी बोटं लावून बघितली. "खरी आहे," त्या म्हणाल्या. मग तो दाट, पिवळसर, जिवंत ओघ माझ्यात उतरला. मी वाट बघू लागलो. अर्धा तास गेला. तास गेला. आणि मित्रांनो, ऊब आली! आधी मधोमध, मग कडांपर्यंत, मग माझ्या फळ्यांत. तेलापाण्याचं वैर मिटत होतं आणि मी ते अंगभर अनुभवत होतो. मी फुटलो नव्हतो. काकू चुकल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी नट सोडले, तेव्हा आत वीट होती, कडा धरलेली, कोरडी, गुळगुळीत. बारा वड्या झाल्या. त्या फळीवर सहा आठवडे वाळल्या, मग पहिली वडी नर्सने नेली.

त्या दिवशी सुनेने मला धुऊन पालथं घातलं. मिस्त्रींची पेन्सिल काकूंनी एका डब्यात जपून ठेवली होती. नुसतं ठेवलेलं झाकण बाजूला करून त्यांनी ती स्वतःच काढली. काकू सांगत गेल्या आणि सुनेने माझ्या पाठीवर लिहिलं : ऑलिव्ह सहाशे, नारळ तीनशे, एरंडेल शंभर, सोडा एकशे चाळीस, बरणी घट्ट. काकूंनी ते दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. मग माझ्यावरून हात फिरवला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आता मी विसरले तरी चालेल."

सुनेने पेन्सिल खाली ठेवली. तिने त्यांचा तो हात आपल्या हातात घेतला आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

तेव्हापासून आमच्या घरात एकच झाकण घट्ट असतं. बाकी सगळी अजून नुसती ठेवलेली असतात आणि बिस्किटं अजून सादळतात. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, एखादं थकलेलं माणूस असेल. काही बिघडलं, की आपलं बोट आधी त्यांच्याकडे वळतं, आणि ती बिचारी स्वतःवरच संशय घेऊ लागतात. तुम्ही तसं करू नका. आधी झाकण बघा. आणि त्यांच्या डोक्यात जे आहे, ते त्यांच्या शेजारी बसून, त्यांना विचारून, आजच कुठेतरी लिहून ठेवा. कागद नसेल, तर माझ्यासारख्या साच्याची पाठही चालते.